सराटे, समुद्र आणि आमचा गोदाकाठ

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या दिवशी कुणी आहारावर बोलते, कुणी मुलांच्या संगोपनावर. चिटणीसबाईंनी मला विषय विचारला तेव्हा मी म्हटले, "मी समुद्रातल्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर बोलणार." त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. त्यांचे काही चुकले नाही. जालन्याहून समुद्र चारशे किलोमीटरच्या आसपास दूर. आपल्याकडे कुंडलिकेला पाणी आले तरी आपण पुलावर बघायला जातो. आपल्याला लाटांशी काय करायचे? परंतु माझे सासर गोदाकाठचे आहे, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणींना ठाऊक आहे. अंबड तालुक्यातले गाव. त्या गावाचा काठ दर पावसाळ्यात थोडा थोडा नदीत जातो, आणि आमच्या घरच्या शेताचा एक तुकडा त्याबरोबर गेलेला आहे. तेव्हा हा विषय मी हौसेने निवडलेला नाही.

झाले असे की, तीन वर्षांपूर्वी पावसाळ्यात मी मुंबईला बहिणीकडे गेले होते. माझा भाचा बंदरांच्या कामावर इंजिनिअर आहे. एके दिवशी मोठी भरती होती. तिकडे साडेचार मीटरच्या वरची भरती असली की पेपरात आधीपासून वेळा छापून येतात आणि लोक मुद्दाम पाहायला जमतात. आम्हीही मरीन ड्राइव्हवर गेलो. लाट आली, कठड्यावरून उडाली, आणि माझे लुगडे गुडघ्यापर्यंत भिजले. पण माझे लक्ष लाटेपेक्षा खालीच लागून राहिले होते. कठड्याच्या पायाशी, पाण्यात, चार पायांचे ते सिमेंटचे प्रचंड ठोकळे एकमेकांत पाय अडकवून पडलेले. कुणीतरी गाडीतून ओतून दिल्यासारखे.

मी भाच्याला म्हटले, "अरे, हे नीट रचले का नाहीत? इतका पैसा घातला, आणि असे अस्ताव्यस्त?"

तो हसला. म्हणाला, "मावशी, नीट रचले असते तर कधीच वाहून गेले असते."

मला वाटले, पोरगा थट्टा करतो आहे. थट्टा नव्हती. त्या एका वाक्याचा अर्थ समजून घ्यायला मला पुढे बरेच दिवस लागले, आणि आज तुमच्यासमोर जे मांडते आहे ते बहुतेक त्यातलेच.

त्या ठोकळ्याला टेट्रापॉड म्हणतात, म्हणजे चार पायांचा. आपण शेतातून अनवाणी चाललो की पायात सराटा मोडतो. तो सराटा डोळ्यांसमोर आणा. कसाही पडला तरी त्याचे एक टोक वर असते. म्हणून तर तो चुकत नाही. टेट्रापॉडचेही तेच. तीन पायांवर तो बसतो आणि चौथा वर राहतो. तीन पायांची तिवई ओबडधोबड जमिनीवरही डुगडुगत नाही, हे आपण रोज पाहतो; चार पायांच्या पाटाखाली मात्र कागदाची घडी घालावी लागते. असे शेकडो सराटे एकावर एक टाकले की एकाचे पाय दुसऱ्याच्या पायांत शिरतात. लाटेला एक उचलायचा तर शेजारचे तीन-चार हलवावे लागतात.

आणि दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. त्या थरात जवळजवळ निम्मी जागा मोकळी असते. लाट आली की ती भिंतीवर आदळत नाही, त्या पोकळ्यांत शिरते, फुटते, फिरते, दमते आणि परत जाते. सरळ गुळगुळीत भिंतीवर लाट आपटली तर सगळा जोर भिंतीवर, आणि परत फिरणारे पाणी भिंतीच्या पायाखालची वाळू उकरून नेते. आता भाच्याचे वाक्य पाहा. आखीवरेखीव, फट न ठेवता रचले असते तर तीही एक भिंतच झाली असती.

मौज अशी की, हा ठोकळा समुद्रकाठच्या माणसांनी शोधलेला नाही. फ्रान्समध्ये ग्रनोबल नावाचे शहर आहे, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी. तिथल्या पाण्याच्या प्रयोगशाळेत १९५० साली पिएर दानेल आणि पोल आंग्लेस दोरियाक या दोघांनी तो तयार केला. पहिल्यांदा तो वापरला आफ्रिकेत, मोरोक्कोच्या कासाब्लांका शहरी. तिथल्या वीजकेंद्राला समुद्राचे पाणी आत घ्यायचे होते आणि लाटा ते घेऊ देत नव्हत्या. आपल्याकडेही असेच आहे. बंदरांच्या बांधांचे प्रयोग होतात ते पुण्याजवळ खडकवासल्याला, १९१६ साली स्थापन झालेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात. तिथे समुद्र कुठला! लांबलचक टाक्यांत यंत्राने लाटा उठवतात आणि वीतभर ठोकळे मांडून कोणते टिकतात ते पाहतात. हे ऐकल्यावर मला जरा धीर आला. समुद्र नसलेल्या गावच्या माणसाने समुद्राचा विचार करू नये असे काही नाही.

ठोकळा करायची रीत साधी आहे. लोखंडी साचा, त्यात वरून काँक्रीट, साचा काढला की पाणी मारून मुरवायचे, मग क्रेनने उचलून न्यायचे. लाट जेवढी मोठी तेवढे वजन जास्त. आणि हे वजन सरळ हिशेबाने वाढत नाही. लाट दुप्पट उंच झाली तर ठोकळा आठपट जड लागतो. म्हणून कुठे अर्धा टन पुरतो, कुठे वीस-तीस टनही कमी पडतात. बहुतेक टेट्रापॉडमध्ये लोखंडी सळई घालत नाहीत, कारण खाऱ्या पाण्यात ती गंजून काँक्रीट फोडते. हे ऐकून मला थोडे वाईट वाटले. आपल्या जालन्याची सळई देशभर जाते, आणि इथे नेमके तिला काम नाही!

टेट्रापॉडनंतर अशा ठोकळ्यांची पुष्कळ भावंडे निघाली. दक्षिण आफ्रिकेतल्या ईस्ट लंडन बंदरात १९६० नंतरच्या काळात 'डोलॉस' नावाचा ठोकळा निघाला. आपण सागरगोटे खेळतो, तशी तिकडची मुले मेंढीबकरीच्या पायाच्या हाडांनी खेळत. त्या हाडावरून हे नाव पडले म्हणतात. तो टेट्रापॉडहूनही घट्ट अडकतो. परंतु त्याचे पाय सडपातळ. पोर्तुगालमध्ये सिनेश बंदराच्या बांधावर बेचाळीस-बेचाळीस टनांचे डोलॉस टाकले होते, आणि १९७८ च्या फेब्रुवारीत एका वादळाने तो बांध मोडला. पाय तुटले, तुटलेले तुकडे लाटांबरोबर आपटत राहिले आणि त्यांनी शेजारचेही फोडले. म्हणजे एकमेकांत अडकणे ही गोष्ट चांगली खरी, पण ज्याचा त्याचा पाय भक्कम असेल तोवरच.

मरीन ड्राइव्हवर परत येते. कोस्टल रोडच्या कामासाठी तिथल्या काही भागातले टेट्रापॉड हलवले, तेव्हा भरतीच्या वेळी इमारतींना हादरे जाणवतात अशी तक्रार रहिवाशांनी २०२२ साली केली होती. लाटेचा जोर ते सराटे किती खातात, हे ते काढल्यावर लोकांच्या ध्यानात आले. त्याच सराट्यांवर तरुण मुले-मुली फोटोसाठी उतरतात. शेवाळाने पाय घसरतो, माणूस फटीत पडतो, आणि अग्निशामक दलाला बोलवावे लागते. काहींचे जीव गेले आहेत. मुंबईला जाणाऱ्या आपल्या मुलांना एवढे जरूर सांगून ठेवा. फटींत कचराही इतका साठतो की पाहवत नाही.

कोकणात रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्यावर दगड आणि टेट्रापॉड यांचा धूपप्रतिबंधक बंधारा घातला आहे. केरळात कोचीनजवळ चेल्लानम म्हणून कोळ्यांचे गाव आहे. तिथे दर पावसाळ्यात समुद्र घरात शिरे. बाया भांडीकुंडी डोक्यावर घेऊन शाळेत राहायला जात. तिथे सुमारे सात किलोमीटरची टेट्रापॉडची भिंत झाली आणि घरे सुटली. परंतु भिंत जिथे संपते त्याच्या पलीकडच्या कन्नमाली गावात समुद्र अधिकच आत येऊ लागला, आणि मग तिथल्या लोकांना रस्त्यावर बसावे लागले. समुद्राची वाळू किनाऱ्याने चालत असते. एका ठिकाणी अडवली की पुढच्याच्या वाट्याला कमी येते. ही गोष्ट लक्षात ठेवा. मला पुढे तिचा उपयोग करायचा आहे.

आता आमच्या गावाकडे येते.

२००६ च्या ऑगस्टात जायकवाडीतून पाणी सोडले तेव्हाचा पूर आपल्यापैकी अनेकींनी पाहिला आहे. आमच्या शेताच्या टोकाला लिंबाचे झाड होते. सासूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा ते नदीपासून शंभर पावलांवर होते, असे त्या सांगत. पुरात ते उभेच्या उभे खाली बसले. पाणी वर असताना नव्हे, हे मुद्दाम सांगते. पाणी ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी. आम्ही हुश्श करून घरात बसलो होतो आणि धप्पकन आवाज झाला. झाडाबरोबर अठरा-वीस गुंठे जमीन गेली. सात-बाऱ्यावर ती अजून आहे; शेतसाराही भरतो.

ओसरल्यावर का कोसळावे, हे कोडे मला भाच्याने सोडवून दिले. पूर असतो तोवर पाणी बाहेरून काठाला आधार देते, आणि काठ आतून पाणी पितो. नदी भराभर उतरली की बाहेरचा आधार जातो, आतले पाणी तसेच राहते. ती भिजलेली जड माती मग स्वतःच्याच वजनाने सुटते. त्यातच पुराने पायथा कोरलेला असतो. आता गोदावरीवर पैठणच्या खाली जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे उच्च पातळी बंधारे झाले. त्यांनी पाणी पुष्कळ दिले, मोटारी चालल्या, ऊस आला, याबद्दल कुणाची तक्रार नाही. परंतु काठही महिनोन्महिने भिजत राहू लागला.

पुरानंतर काही वर्षांनी गावाला काठावर काँक्रीटची भिंत मिळाली. कुठल्या खात्याने बांधली, ठेकेदार कोण, हे मी सांगणार नाही. भिंत दिसायला देखणी होती. आम्ही बायकांनी तिच्यावर वाळवणे घातली. आमचे एक चुलत सासरे होते, जन्मभर नदीत होडी चालवलेले. ते भिंतीकडे पाहून म्हणाले, "नदीला भिंतीचं काय भेव हाय, माय? ती खालून जाईल." आणि ती खालूनच गेली. तिसऱ्या पावसाळ्यात भिंतीच्या पायाखाली पोकळी पडली. मागची माती पाण्याने फुगली होती, आणि ते पाणी बाहेर यायला भिंतीत पुरेशी भोके ठेवलेली नव्हती. पंचवीस-तीस हातांचा तुकडा एका रात्रीत पालथा पडला. अजून पडला आहे. मुले त्यावरून पाण्यात उड्या मारतात.

म्हणून मी मुंबईहून आले आणि टेट्रापॉडची हकिकत सांगितली, तेव्हा गावात एकच उत्साह आला. दिरांनी मोबाईलवर फोटो पाहिले. ग्रामसभेत मागणी करायची ठरली: आम्हाला टेट्रापॉड द्या! मलाही तेच वाटत होते. अर्जाचा मसुदाही मीच लिहिला. पाठवण्याआधी भाच्याला फोन केला, तर तो म्हणाला, "मावशी, अर्ज फाडून टाक."

त्याचे म्हणणे असे की, समुद्राची लाट समोरून येते, आपटते, जाते. नदी काठाला घासून पुढे जाते आणि पायथा खरवडते. दोघींचा स्वभाव वेगळा. टेट्रापॉड लाटेसाठी केलेला; नदीत तो नुसता टाकला तर आपल्याच वजनाने मऊ गाळात रुतत जाईल, आणि त्याच्या फटींतून मागची माती निघून जाईल. गाळणीशिवाय चहा ओतला तर चोथा कपात येणारच. दगड असो की ठोकळा, त्याखाली आधी बारीक खडीचे थर किंवा खास कापड अंथरावे लागते; पाणी बाहेर यावे पण माती येऊ नये म्हणून. समुद्रकाठीही हे करतातच, आपल्याला वरचे सराटे तेवढे दिसतात.

मी विचारले, "मग नदीसाठी असे काही नाहीच का?" तर आहे. आसामात ब्रह्मपुत्रेत माजुली नावाचे मोठे बेट आहे. एके काळी बाराशे चौरस किलोमीटरहून मोठे असलेले ते बेट झिजून पाचशेच्या आसपास आले. तिथे 'पोर्क्युपाइन' वापरतात. पोर्क्युपाइन म्हणजे साळिंदर. काँक्रीटचे सहा बारीक खांब नटबोल्टने जोडून त्रिकोणी सांगाडा करतात आणि असे सांगाडे ओळीने नदीत उतरवतात. पूर्वी हेच बांबूचे करीत आणि आत दगड बांधून बुडवत. नदी त्यांच्यामधून जाते, पण तिचा वेग मोडतो. वेग मोडला की हातातला गाळ ती तिथेच टाकते. म्हणजे ज्या नदीने जमीन नेली तिच्याकडूनच ती थोडीथोडी परत घ्यायची. (आणि हो, या खांबांत सळई असते. जालन्याची लाज राखली गेली!)

परंतु त्यासाठी नदीजवळ गाळ हवा. ब्रह्मपुत्रा गाळाने भरलेली असते. आमच्या गोदावरीचा गाळ पैठणच्या धरणात बसतो. १९७६ सालापासून तो तिथेच साठतो आहे. उरलेली वाळू रात्री ट्रॅक्टरने कुठे जाते हे गावात सगळ्यांना दिसते आणि कुणीही बोलत नाही. मी हे घरीही बोलले आहे आणि त्यामुळे आमच्या भावकीत दोन घरे माझ्याशी बोलत नाहीत. काठ वाचवायला सरकारकडे पैसे मागायचे आणि काठाखालची वाळू विकायची, या दोन गोष्टी एका घरात चालणे मला पटत नाही. तुम्हाला हे व्याख्यानात आणायला नको होते असे वाटेल. असो.

मग आम्ही केले काय? फार मोठे काही नाही. पडलेल्या भिंतीच्या वरच्या अंगाला साठ-सत्तर हात काठ आम्ही आधी उतरता केला. उभा कडा ठेवला तर तो कोसळणारच. त्यासाठी वापरातली जमीन स्वतःच्या हाताने नदीला द्यावी लागली. यजमानांना ते पटवायला मला एक अख्खा उन्हाळा गेला. मग पायथ्याशी तारेच्या जाळीत दगड भरून पेट्या ठेवल्या, आणि त्यांच्यापुढे नदीच्या बाजूला सुट्या दगडांचा पट्टा. तो पट्टा मुद्दाम सैल ठेवतात. नदीने पुढे खड्डा पाडला की दगड आपोआप त्यात घरंगळतात आणि खड्डा झाकला जातो. भिंतीला वाकता येत नाही, ती पोकळीवर तशीच उभी राहते आणि एक दिवस पडते. दगडांखाली खडी घातली. वरच्या उतारावर निरगुडी आणि वाळा लावला. निरगुडीचे फाटे मी आणि माझ्या जावेने खोचले, वाळ्याची ठोंबे भाच्याने पाठवली. गावातल्या बायकांनी श्रमदान केले. दगड मात्र विकत घ्यावे लागले आणि त्यात माझ्या पाटल्या गेल्या, हे आज पहिल्यांदाच जाहीरपणे सांगते आहे.

चेल्लानमची गोष्ट मी लक्षात ठेवायला सांगितली होती. आमच्या कामाच्या खालच्या अंगाला एका कोळ्याचे शेत आहे. आमचा काठ टणक झाला, तर पाणी त्याच्यावर जाईल की काय, ही धास्ती होती. त्याच्या बायकोने मला सरळच विचारले, "तुमचं राहील, आमचं जाईल, असं तर नाही ना, काकू?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग आम्ही पेट्यांची ओळ आमच्या बांधावर न तोडता त्यांच्या शेतात वीस हात पुढे नेली आणि शेवटचे टोक आत काठात वळवून घेतले, म्हणजे पाण्याला मागून शिरायला वाट मिळू नये. पैसा तिथे संपला.

२०२५ च्या सप्टेंबरात पुन्हा मोठा पूर आला. काठच्या गावांना वर शाळांत हलवावे लागले, आम्हीही गेलो. तीन दिवस आमचे शेत पाण्याखाली होते. पाणी उतरल्यावर मी आणि जाऊबाई चिखलातून चालत गेलो. कापूस सगळा आडवा. पायथ्याच्या दोन पेट्या फाटून दगड पुढे घरंगळले होते, वाळा गाळाखाली दिसेनासा झाला होता. निरगुडी मात्र आडवी होऊन तशीच होती, मुळासकट. आम्ही तिथे दुसरा दिवस, तिसरा दिवस रोज जाऊन पाहिले, कारण आमचे लिंबाचे झाड तिसऱ्या दिवशीच गेले होते. काठ जागचा हलला नाही.

कोळ्याच्या शेतात आमची ओळ जिथे संपली, त्याच्या पुढे मात्र चार-पाच हात काठ गेला. त्या बाई तिथे उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत. येत्या उन्हाळ्यात तिथून पुढे तीस हात काम करायचे आहे. दगड लागतील, जाळी लागेल. वाळ्याची ठोंबे आता आमच्याच उतारावर आहेत. गाळातून वर आली आहेत. ज्या भगिनींना एक दिवस गोदाकाठी यायचे असेल त्यांनी कार्यक्रम संपल्यावर माझ्याकडे नाव द्यावे. जेवण आमच्याकडे.